शाळूच्या भाकरीचा रंग : गावभागातल्या एका घराची विक्री

सांगलीच्या जुन्या गावात घर विकायला काढलं की गिऱ्हाईक आधी दोन रंग विचारतं, निळा आणि लाल. हे रंग भिंतींचे नसतात, पूररेषेचे असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. तेव्हापासून गावभाग, खणभाग, मारुती चौक या पट्ट्यातल्या घराची चौकशी या दोन रंगांवरून सुरू होते आणि पुष्कळदा तिथंच संपते.

मी सांगली-मिरजेत घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. गेली काही वर्षं त्यातला मोठा भाग विक्रीला काढलेली घरं दाखवण्याजोगी करून देण्याचा आहे. याला होम स्टेजिंग म्हणतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या बाजूला बार्ब श्वार्झ या एजंट बाईंनी हे काम नावारूपाला आणलं. त्या मूळच्या नाटकाच्या वातावरणातल्या. रंगमंच लावावा तसं घर लावायचं, ही त्यांची कल्पना. आपल्याकडे मुंबई-पुण्यात ते रुळलंय, सांगलीत अजून समजावून सांगावं लागतं. लोकांना वाटतं, रंग मारायचा आणि चार कुंड्या ठेवायच्या. या एका घराचं प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण रंगानं काय होतं आणि काय होऊ नये, या दोन्ही गोष्टी मला एकाच छपराखाली बघायला मिळाल्या.

घर गावभागातलं, गणपती मंदिरापासून चालत पाच-सहा मिनिटांवर. रुंदी अठरा फूट, लांबी बावन्न. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे उजेड यायला पूर्वेची गल्ली आणि पश्चिमेचं परसू एवढ्या दोनच वाटा. पुढं सोपा, म्हणजे बाहेरची बैठकीची खोली, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणी. माजघरातून लाकडी जिना, वर दोन खोल्या आणि मंगलोरी कौलं. खाली सगळीकडे शहाबादी फरशी. मालक काका हळदीच्या एका अडत दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी होते. मुलगी पुण्याला. काकूंचे गुडघे जिना मानेनात, म्हणून दोघांनी तिच्याकडं जायचं ठरवलं. घर दीड वर्ष विक्रीला होतं. बघायला पंधरा-वीस कुटुंबं येऊन गेली. काका म्हणाले, "येतात, माजघरापर्यंत जातात आणि परत फिरतात. स्वयंपाकघर बघायलासुद्धा कुणी थांबत नाही."

मी फेब्रुवारीत पहिल्यांदा गेले आणि मलाही तेच झालं. माजघराच्या उंबऱ्यावर पाय आपोआप थांबला.

सोप्याच्या समोरच्या भिंतीला गडद जांभळा टेक्स्चर होता. विक्रीला काढायच्या आधी कुणीतरी सांगितलं म्हणून केलेली 'हायलाइट वॉल'. माजघरात चार फुटांपर्यंत पिस्ता रंगाचा चकचकीत ऑइलपेंट, त्यावर कधीकाळचा क्रीम, आता पिवळट झालेला. स्वयंपाकघर नारिंगी. सगळीकडे पांढऱ्याफेक ट्यूब. आणि पिस्त्याच्या खाली पोपडे, पोपड्यांतून पांढरी बुरशी वाटावी असा खार. बोट लावलं की पिठासारखा हाताला यायचा. खारट, ओलसर वास सगळ्या खोलीत.

मी काकांना म्हटलं, आज काहीच ठरवायचं नाही, मला नुसतं बसू द्या. सगळे दिवे बंद करून माजघरात खुर्ची टाकून मी सकाळी आठला, साडेअकराला आणि चारला अर्धा-अर्धा तास बसले. मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप असतं. त्याचा आकडा काटेकोर नसतो, पण एका जागेची दुसरीशी तुलना कळते. साडेअकराला सोप्यात खिडकीपासून चार फुटांवर 240 आला, माजघराच्या मध्यावर 18. रंगाचा विचार या दोन आकड्यांनंतर करायचा असतो, आधी नाही.

त्याच आठवड्यात घर दाखवणारे एजंट आले. सज्जन माणूस, दीड वर्ष फुकट फेऱ्या घालतोय म्हणून वैतागलेला. त्यांचा तोडगा तयार होता. "मॅडम, खालून पाच फूट पीव्हीसी पॅनेल मारून टाका. दोन दिवसांचं काम. ओल दिसत नाही, खार दिसत नाही, वर मस्त लायटिंग करा."

पॅनेल मारलं असतं तर फोटो छान आले असते, हे खरं. आणि पावसाळ्यात पॅनेलच्या मागं भिंत कुजली असती, हेही खरं. पण मी नाही म्हटलं त्याचं कारण याहून साधं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्याच्या कलम 55 नुसार विकणाऱ्याला माहीत असलेला, आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. ओल्या भिंतीवर पॅनेल ठोकणं म्हणजे दिसणारा दोष न दिसणारा करणं. मी काकांना एवढंच विचारलं, "घेणाऱ्याला पुराबद्दल काय सांगायचं?"

काका उठले आणि मला पुढच्या दाराकडं घेऊन गेले. सागवानी चौकटीच्या आतल्या अंगाला, दार उघडलं की झाकलं जातं तिथं, पेन्सिलीच्या तीन रेघा होत्या. सगळ्यात खाली फूटभर उंचीवर '2005'. त्याच्या वर, दोन फुटांना बोटभर जास्त, '2021'. आणि माझ्या हनुवटीच्या जरा खाली, चार फूट सात इंचांवर, '2019'. दिवाणजींचं अक्षर, वळणदार, प्रत्येक आकड्याखाली ठळक रेघ. "खातं आहे ते," काका म्हणाले. "खात्यातली नोंद खोडायची नसते."

इथून पुढं कामाची दिशा ठरली. चौकटीला रंग लागणार नाही, रेघा राहतील, आणि दार उघडल्यावर झाकल्या जाऊ नयेत म्हणून घर दाखवताना ते दार बंद करून रेघा दाखवायच्या. एजंटना हे पटलं नाही. "गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल," म्हणाले. मी म्हटलं, सांगलीत कुठल्या गल्लीत किती पाणी आलं ते पानपट्टीवालासुद्धा सांगतो. आपण सांगितलं नाही तर तो सांगेल, आणि मग आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास उरणार नाही.

आधी भिंत.

घराच्या भिंती विटांच्या, चुन्या-मातीत बांधलेल्या. 2005 नंतर खालच्या भागाला सिमेंटचं प्लास्टर आणि त्यावर ऑइलपेंट केला होता, "परत पाणी आलं तर धुता यावं म्हणून". विचार समजण्यासारखा आहे, परिणाम उलटा होतो. जुन्या भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट लागते. सिमेंट आणि ऑइलपेंटनं ती बंद झाली की पाणी आतून वर चढत जातं. त्यात विरघळलेले क्षार जिथं वाट मिळेल तिथं बाहेर येतात, पाणी उडतं, क्षाराचे खडे होतात आणि तेच रंगाला आतून ढकलून पोपडे काढतात. म्हणजे पोपडा हा रंगाचा दोष नसतो. जगातला सगळ्यात महाग इमल्शनही त्या भिंतीवर टिकला नसता.

खाराच्या वर एक फूट मोजून तिथपर्यंतचं प्लास्टर काढलं. विटांवरचा खार कोरड्या ब्रशनं झाडला. गवंडी पाण्यानं धुवायला निघाले होते, त्यांना थांबवलं. पाण्यानं क्षार विरघळून पुन्हा विटेतच जातात. झाडलेली पूड पोत्यात भरून घराबाहेर. मग तीन आठवडे भिंती उघड्या, दारं-खिडक्या उघड्या. सांगलीचा मार्च सुरू झाला होता, ऊन आपल्या बाजूनं होतं. त्यानंतर भिजवलेला चुना, वाळू आणि सुरकी, म्हणजे विटांची भुकटी, यांचं प्लास्टर, त्यावर भिंतीला श्वास घेऊ देणारा चुन्याचाच रंग, निदान खालच्या पाच फुटांना. सुरकीचं प्रमाण जाणणारे वयस्कर गवंडी मिरजेहून मिळाले.

हे वाळत असताना उजेडाचं काम केलं. जिन्याच्या तोंडावर लाकडी झडप होती, उंदीर येतात म्हणून वर्षानुवर्षं बंद. ती काढून जाळीची केली आणि बरोबर त्याच्यावरच्या छपरात मंगलोरी कौलांच्या जागी चार काचेची कौलं बसवली. जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती त्या घरातल्या सगळ्यात पांढऱ्या रंगानं रंगवल्या. साडेअकराचा 18 आता 70 झाला. काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि माजघरात उभ्या राहून वर बघत राहिल्या. "लग्न होऊन आले तेव्हा ही झडप उघडी असायची," म्हणाल्या. एवढंच बोलल्या आणि परत गेल्या.

मग रंग. अंधाऱ्या खोलीला पांढरा मारावा, हे सगळे सांगतात, आणि नेमकं तेच चुकतं. पांढऱ्याकडं स्वतःचा उजेड नसतो. खिडकीजवळ तो झळाळतो, अंधारात राखाडी आणि मळका दिसतो. प्रत्येक शेडला एक परावर्तन अंक असतो, पडलेल्या उजेडातला किती उजेड ती भिंत परत फेकते त्याचा. शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे निव्वळ शुभ्र. बऱ्याच रंग कंपन्या तो शेडच्या माहितीत देतात, विचारला तर दुकानदारही काढून देतो. सोप्यातला तो जांभळा दहाच्या आसपासचा असणार, म्हणजे पूर्वेकडून आलेला सकाळचा सगळा उजेड पहिल्याच भिंतीनं गिळलेला. माजघराला तो मिळणार कसा? सोप्याची समोरची भिंत म्हणजे माजघराचा आरसा. म्हणून पहिला निर्णय हा, की माजघर उजळायचं तर आधी सोपा रंगवायचा. तिथं ऐंशीच्या वरचा अंक असलेली, किंचित उबदार पांढरी शेड घेतली आणि फिनिश मॅट. चकचकीत भिंत उजेड परत फेकते खरी, पण एकाच दिशेनं, डोळ्यावर आदळेल अशी, आणि जुन्या भिंतीचा प्रत्येक उंचवटा दाखवते. मॅट तो सगळीकडे पसरवते.

माजघरासाठी मला सायीसारखा पिवळसर क्रीम हवा होता. कागदावरच्या कार्डात तो सुंदर होता. कार्डावरून रंग ठरवायचा नसतो, मोठ्या भिंतीवर तोच रंग जास्त गडद आणि जास्त भडक वाटतो, म्हणून दोन फूट बाय दोन फूट प्लायचे तुकडे रंगवून घेतले आणि भिंतीला टेकवून ठेवले. खालच्या टोकाला फरशी दिसेल असे. आणि तो क्रीम बिघडला. कावीळ झाल्यासारखा दिसायला लागला.

पेंटरमामा म्हणाले, "शेड चुकीची आली दुकानातनं." शेड बरोबर होती. शहाबादी फरशी निळसर करडी असते. निळ्याच्या शेजारी ठेवलेला पिवळा जास्त पिवळा दिसतो, कारण डोळा शेजारच्या रंगाचा विरोधी रंग त्यात मिसळून बघतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबेलिन्स विणकर कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळे धागे पुरेसे काळे नाहीत अशी तक्रार त्यांच्याकडं यायची. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे काळा फिका दिसत होता. 1839 साली त्यांनी याचा नियमच मांडला. गावभागातल्या माजघरात तोच नियम आमच्या क्रीमची वाट लावत होता.

फरशी बदलणं शक्यच नव्हतं आणि बदलू नयेच. साठ-सत्तर वर्षं पावलांनी गुळगुळीत झालेली शहाबादी आज विकत मिळत नाही. मग रंगातला पिवळा कमी करायचा, किती ते कळेना. चार तुकडे झाले. एक फार राखाडी, एक गुलाबीकडं झुकलेला. दुपारचे दीड वाजले होते. काकूंनी आम्हाला जेवायला बसवलं, तिथंच माजघरात, फरशीवर पाट टाकून. ताटात शाळूची भाकरी आली. मामा पहिला घास मोडायचे थांबले, भाकरी उचलून भिंतीजवळ धरली आणि म्हणाले, "ताई, ह्यो बघा की. ह्योच पायजे न्हवं तुम्हाला?"

होय, तोच हवा होता. शाळूच्या भाकरीचा पापुद्रा, डाग नसलेल्या जागेचा. पांढरा म्हणवत नाही, पिवळाही म्हणवत नाही, आत किंचित करडा. निळसर फरशीवर धरला तरी पिवळा पडत नव्हता, कारण त्यातला करडा फरशीशी नातं सांगत होता. जेवण झाल्यावर मामांनी ती भाकरी शेजारी ठेवून सव्वा तास शेड जुळवली. चुन्याच्या रंगात पिवडी, म्हणजे पिवळी माती, आणि काळ्याचा अगदी चिमूटभर. चुन्याचा रंग ओला असताना गडद आणि वाळल्यावर बराच फिका होतो, त्यामुळे प्रत्येक वेळी तुकडा उन्हात ठेवून वाळेपर्यंत थांबावं लागायचं. काका मधूनमधून येऊन बघत होते. पाचव्या तुकड्याला ते तो उचलून थेट रस्त्यावर घेऊन गेले, मग सोप्यात, मग माजघरात. मी विचारलं तर म्हणाले, "हळदीचा सौदा बल्बखाली करत नाहीत. हळकुंड मोडायचं आणि दारात येऊन गाभा बघायचा." चाळीस वर्षं हळदीचा रंग बघितलेल्या माणसाला रंग कसा तपासायचा हे मी शिकवायची गरज नव्हती, खरं तर मीच पहिल्या दिवशी त्यांना विचारायला हवं होतं.

संध्याकाळचं वेगळं. तोच तुकडा ट्यूबखाली मृतवत निळसर दिसला. घरातल्या सगळ्या ट्यूब 6500 केल्विनच्या होत्या. केल्विन हे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तसा उजेड पिवळसर, जास्त तसा निळसर. बाजारात सहज मिळतात त्या बहुतेक याच, आणि जास्त उजेड म्हणून लोक त्याच घेतात. सोप्यात आणि माजघरात 3000 चे दिवे लावले, स्वयंपाकघरात ओट्यावर 4000 चे, कारण भाजी निवडताना पिवळा दिवा त्रास देतो. खोक्यावर रंगदर्शनाचा अंक (CRI), म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा अंक, 90 किंवा त्याच्या वर आहे का, तेही बघून घेतलं. त्यापेक्षा कमी असला की उजेड भरपूर असूनही कापडाचे आणि माणसाच्या त्वचेचे रंग फिके पडतात. घर बघायला आलेली माणसं एकमेकांचे चेहरे त्याच उजेडात बघतात, आणि चेहरे आजारी दिसले तर घर आवडत नाही. का आवडलं नाही ते त्यांनाही सांगता येत नाही. पिस्त्याचंही तेच होत होतं. चार फुटांपर्यंतच्या हिरव्या भिंतीवरून फिरलेला उजेड खाली बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर हिरवट पडायचा.

माजघराची तक्तपोशी रंगवण्यावरून मात्र आमचं वाजलं. तुळया आणि फळ्या काळपट तपकिरी होत्या, आठ फूट उंचीवर, डोक्यावर उतरल्यासारख्या. काकांना लाकूड झाकायचं नव्हतं. मलाही जुन्या लाकडावर रंग चढवणं पटत नाही, पण त्या खोलीत गडद छप्पर आणि गडद फरशी यांच्या मध्ये माणूस चेपला जात होता. शेवटी तुळया घासून तेल दिलं आणि त्यांच्या मधल्या फळ्याच तेवढ्या फिक्या केल्या. आजही मला वाटतं, सगळं फिकं केलं असतं तर उजेड आणखी वाढला असता. आणि आजही वाटतं की काकांचं ऐकलं ते बरं झालं.

मांडणीबद्दल फार लिहीत नाही. बाहेरच्या पद्धतीत घरातलं कुटुंबाचं सगळं काढून टाकायला सांगतात, म्हणजे येणाऱ्याला स्वतःचं घर डोळ्यांपुढं आणता येईल. आपल्याकडे त्याला मर्यादा आहे. देव्हारा हलवला नाही, कारण मराठी कुटुंब घर बघताना देवाची जागा आणि ओटा कुठं आहे ते आधी बघतं, देव्हारा दिसला नाही तर शोधतं. हार घातलेले दिवंगतांचे फोटो वरच्या खोलीत नेले, काकूंना विचारून. सोप्यात झोपाळा होता तोच ठेवला, त्याच्यावर रचलेली वर्तमानपत्रं आणि गाद्या काढल्या. माजघरात एक सतरंजी, विटकरी लाल आणि निळ्या पट्ट्यांची, आणि तांब्याचं घंगाळ. त्या खोलीतला एकमेव ठळक रंग तो. मोठा भाग शांत, त्याहून कमी भाग मध्यम आणि अगदी थोडा भाग ठसठशीत, हे साठ-तीस-दहाचं प्रमाण पुस्तकी म्हणून हसण्यावारी नेलं जातं, पण लहान खोलीत ते फार उपयोगी पडतं. फोटो सकाळी आठला काढले, पूर्वेचा उजेड आत असताना, सगळे दिवे बंद करून. दिव्याचा आणि दिवसाचा उजेड मिसळला की कॅमेरा भिंतीचा रंग चुकीचा दाखवतो. खोली मोठी भासवणारी रुंद लेन्स मी वापरत नाही. फोटोतली बारा फुटांची खोली प्रत्यक्षात नऊची निघाली की माणूस दारातच फसवला गेलेला असतो.

आता माझी चूक. एप्रिलअखेर घर दाखवायला सुरुवात केली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात काकूंनी बोलावलं. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात, नवीन चुन्यावर, वीतभर खार परत आला होता. माझं पहिलं स्पष्टीकरण तयार होतं, पुराची जुनी ओल, भिंत अजून वाळतेय. पण मे महिन्यात, चाळीस अंशांच्या उन्हात, बाकीच्या सगळ्या भिंती कोरड्या ठणठणीत असताना एकच कोपरा ओला का? मागच्या बाजूला न्हाणी होती. मोरीची फरशी उचलली तर खालचा मातीचा नळ तडकलेला, रोज आंघोळीचं पाणी भिंतीत मुरत होतं, कोण जाणे किती वर्षं. सगळी ओल मी 2019 च्या नावावर लिहिली होती. सांगलीत असं होतं खरं, पुरानंतर प्रत्येक ओल पुराचीच वाटते. प्लास्टर काढायच्या आधीच मोरी आणि नळ तपासायला हवे होते. ते आता प्रत्येक जुन्या घरात पहिल्या दिवशी करते. नळ बदलला, कोपऱ्याचं प्लास्टर पुन्हा काढलं आणि वाळेपर्यंत तो कोपरा तसाच उघडा ठेवला. घर बघायला येणाऱ्यांना उघड्या विटा दिसायच्या आणि आम्ही कारण सांगायचो.

एकूण खर्च, माझं मानधन सोडून, 1,36,000 रुपये. त्यातले 61,000 प्लास्टरचे आणि 14,000 न्हाणीच्या नळाचे. रंग आणि मजुरी 43,000, दिवे 7,000, कौलं आणि सुतारकाम 6,000, सतरंजी-पडदे वगैरे 5,000. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे डोळ्यांना न दिसणाऱ्या कामावर गेले. काकांनी सगळ्या पावत्या तारखेवार लावून एका फाइलमध्ये ठेवल्या आणि ती फाइल झोपाळ्यावर ठेवली, येणाऱ्यांनी चाळावी म्हणून.

पहिली दोन कुटुंबं चौकटीवरच्या रेघा बघून गेली. एजंटनी माझ्याकडं बघितलं, बोलले काही नाहीत. त्यानंतर आलेली तीन-चार कुटुंबं मात्र माजघर ओलांडून परसापर्यंत गेली, आणि दीड वर्षात हे पहिल्यांदा घडत होतं. सहाव्या आठवड्यात तासगावकडचं एक जोडपं आलं. ती शिक्षिका, बदली सांगलीत झालेली, तो दुकान बघणारा, बरोबर सासूबाई. सासूबाई माजघरात आल्या, सतरंजीवर बसल्या आणि उठेनात. सुनेनं चौकटीच्या रेघांचा फोटो काढला, फाइल पूर्ण वाचली, आणि प्रश्न विचारले ते असे: वरच्या खोल्यांत सामान हलवायला जिना किती रुंद आहे, पाणी आलं तेव्हा उतरायला किती दिवस लागले, चुन्याची भिंत पुरानंतर पुन्हा वाळते का. काकांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. वाळते, पण वेळ द्यावा लागतो आणि वरचा थर पुन्हा करावा लागतो, हे मीही सांगितलं. तिनं रेघा दाखवून भाव पाडला. काकांनी मागितल्यापेक्षा साधारण पाच टक्के कमीवर व्यवहार ठरला आणि जूनच्या मध्याला साठेखत झालं.

घर रंगामुळे विकलं गेलं असं मी म्हणणार नाही. तिची बदली झाली नसती तर ती आलीच नसती. माझ्या हातात जे होतं ते एवढंच, की आलेलं माणूस माजघराच्या उंबऱ्यावर थांबू नये, आणि आत आल्यावर जे बघतंय ते खरं असावं.

ताबा देताना मी तिला एक कागद दिला. प्रत्येक खोलीची शेड, चुन्यात पिवडी आणि काळा किती, कुठलं प्लास्टर कुठल्या तारखेचं, कुठली भिंत ऑइलपेंटनं कधीच रंगवायची नाही, आणि स्वयंपाकघरातला तो कोपरा पूर्ण वाळायला अजून एक उन्हाळा लागेल. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. सोपा तिनं फिक्या निळ्या रंगाचा केला होता, तिला तोच आवडतो. माजघर तसंच ठेवलंय. कोपरा हाताला कोरडा लागतोय, रंगवू का, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, मे महिन्यात एकदा परत हात लावून बघा, तोवर विटा तशाच राहू द्या.